भूमध्य समुद्राकाठी पुरण

माझ्या मुलीने भूमध्य समुद्र पहिल्यांदा पाहिला तो दुसऱ्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, कोथिंबीर निवडताना.

यात फ्रान्सची काही चूक नव्हती. फ्रान्सने समुद्र जागच्या जागी ठेवला होता. ऊनही छान पडलं होतं. फक्त त्या सहलीची व्यवस्था मी केली होती, ऑकलंडहून, म्हणजे पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला बसून.

झालं असं, की मुग्धा तेव्हा एका सेमिस्टरसाठी फ्रान्समध्ये, लिऑनला शिकत होती. लिऑनला नद्या दोन आहेत, पण समुद्र नाही. आणि आमची मुलगी इथे ऑकलंडच्या माउंट रॉस्किल उपनगरात वाढलेली. दर उन्हाळ्यात पिहाच्या किनाऱ्यावर जाऊन गारठलेल्या पाण्यात ओठ निळे करून घेणं हे तिचं बालपण. कोमट समुद्र नावाची वस्तू असते, त्यात तासभर नुसतं तरंगता येतं, हे तिने ऐकलं होतं फक्त. परीक्षेआधीचा शेवटचा मोकळा शनिवार-रविवार आला, तेव्हा तिने फोन केला.

"आई, मी आणि क्लेअर कोस्टवर जातोय. मार्सेय, मग ट्रेनने नीस. आय जस्ट वॉन्ट टू स्विम. बाकी काही नाही. टॉग्ज, टॉवेल आणि जँडल्स, बस."

(टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे आणि जँडल्स म्हणजे रबरी चपला, आमच्या न्यूझीलंडच्या भाषेत. क्लेअर म्हणजे तिच्या वसतिगृहातली आयरिश मैत्रीण. वागायला सरळ. किती सरळ ते पुढे कळेलच.)

"आणि राहणार कुठे?"

"हॉस्टेलमध्ये. आई, चिल."

आता मला सांगा, परक्या देशात मुलगी दोन दिवस फिरायला जाणार, आणि तिथे आपलं कोणी नाही, ही कल्पना कुठल्या आईला सहन होईल? मी त्याच संध्याकाळी आमच्या मराठी मंडळाच्या ई-मेल ग्रुपवर लिहिलं: 'भूमध्य समुद्राच्या काठाला आपलं कोणी आहे का? मुलगी जाते आहे. काही नको, फक्त अडीअडचणीला एखादा फोन नंबर असावा.'

माझा नवरा श्रीरंग पाठीमागून वाचत होता. "अगं, तिला पोहायचंय. अडचण काय येणार? पाणी संपेल?"

"तू गप्प बस."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मार्सेयचे आपटे मिळाले (हॅमिल्टनच्या डॉक्टरीणबाईंच्या नणंदेचे दीर) आणि नीसचे सबनीस (त्यांची बायको हेन्डरसनला माझ्याबरोबर फार्मसीत काम करणाऱ्या मनीषाची वर्गमैत्रीण). मी दोन्ही घरच्या बायकांना फोन केले. दोघींनाही हेच सांगितलं, की तिला काही नको, फक्त नंबर देऊन ठेवते. इथे थांबले असते तर ही गोष्टच घडली नसती. पण फोन ठेवताना दोन बरे शब्द बोलायला नकोत का? म्हणून मी सहज म्हणाले, "नाही म्हणायला, बिचारी घरच्या जेवणाला आसुसली आहे हो."

बिचारी मुळीच आसुसली नव्हती. बिचारी रोज पाव आणि चीज खाऊन गुटगुटीत झाली होती. पण ते वाक्य आपल्या माणसांत सोडणं म्हणजे काय, हे माझ्यासारख्या बाईला तरी कळायला हवं होतं. मी स्वतः याच वाक्यावर कितीतरी अनोळखी मुलांना विमानतळावरून उचलून घरी आणलेलं आहे.

तिथे शुक्रवारची संध्याकाळ होती, इथे शनिवारची सकाळ. मी पोह्यांना फोडणी टाकत होते, तेवढ्यात फोन.

"आई," मुग्धा कुजबुजत होती. "हू आर दीज पीपल?"

"कोण लोक?"

"स्टेशनवर आपटे काका होते. माझ्या नावाची पाटी घेऊन. मराठीत. क्लेअरची बॅग त्यांनी उचललीसुद्धा. हॉस्टेल कॅन्सल करायला लावलं. आता मी कोथिंबीर निवडतेय."

"अगं वा. समुद्र दिसला का?"

"दोन बिल्डिंगच्या मध्ये एक निळी पट्टी दिसतेय. आय थिंक दॅट्स इट."

"मग उद्या सकाळी जा की पोहायला."

सकाळी आपटेकाकूंनी थालीपीठं केली. ती खाल्ल्यावर लगेच पोहू नये म्हणून थोडं थांबा म्हणाल्या. थांबलात तर आता जेवूनच जा म्हणाल्या. जेवल्यावर तर पोहायचं नसतंच. दुपारी निघताना काकूंनी एक जड पिशवी मुग्धाच्या हातात दिली. "तुझ्या आईने सांगितलं, पुढे सबनीसांकडे जाणार आहेस. जाताना एवढं घेऊन जा."

पिशवीत पितळेचं पुरणयंत्र होतं.

ते कसं, तर सांगते. मी दोघींचे नंबर एकमेकींना दिले होते (तेही सहजच). एकाच समुद्राच्या काठी इतकी वर्षं राहून ज्या कधी भेटल्या नव्हत्या, त्या दोघी शुक्रवारी रात्रभर फोनवर बोलल्या. आपटेकाकूंकडे पुरणयंत्रं दोन, एक माहेरचं, एक सासरचं. सबनीसकाकूंकडे एकही नाही. आणि मध्ये माझी मुलगी, जाणारीच आहे, रिकाम्या हाताने.

त्या प्रवासाचं वर्णन मी पुढे क्लेअरकडून ऐकलं. गाडी समुद्राला चिकटून धावत होती. उजव्या खिडकीत निळंशार पाणी, छोटी छोटी वाळूची टोकं, त्यावर माणसं पडलेली. मध्ये एका गावाला उतरून बुडी मारून पुढची गाडी पकडायची, असं दोघींनी ठरवलं होतं. पण पुरणयंत्र घेऊन कोण उतरणार, आणि किनाऱ्यावर ते सांभाळणार कोण? समोरच्या फ्रेंच आजोबांनी विचारलं, हे काय आहे. मुग्धाने दांडा फिरवून दाखवला. आजोबांना वाटलं, वाद्य आहे. त्यांनी वाजवून दाखवायचा आग्रह केला.

नीसच्या फलाटावर अर्थातच सबनीसकाका उभे होते.

तिकडे रात्रीची जेवणं आटोपत आली होती, इकडे आमची रविवारची सकाळ. मुग्धाचा आवाज आता कुजबुजता राहिला नव्हता.

"आई, लिसन. उद्या दुपारची ट्रेन आहे. मला फक्त सकाळ आहे. आणि काकू म्हणतायत, यंत्र आलंच आहे तर सकाळी पुरणपोळ्या करू. मी समुद्रात न उतरताच लिऑनला परत जाणार. प्लीज, तू त्यांना सांग."

"मी आत्ता सांगते," मी म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं होतं. श्रीरंग समोर हाताची घडी घालून उभा होता. मी नंबर फिरवला.

"हॅलो, सबनीसकाकू? मी मुग्धाची आई. अहो, उद्या सकाळचं म्हणत होते..."

"हो हो, पोळ्यांचंच ना? सांगा की, तिला जायफळ चालतं की वेलची?"

आता आला का प्रश्न. समोरची बाई इतक्या प्रेमाने विचारते आहे, आणि मी तोंड वर करून सांगू, की पुरणपोळी नको, तिला पोहायला सोडा?

"दोन्ही चालतं," मी म्हणाले. "फार आवडते हो तिला."

श्रीरंगने कपाळावर हात मारला. मी फोन ठेवला आणि म्हणाले, "थांब, परत करते." परत केला. या वेळी डाळ आदल्या रात्री भिजवावी का, यावर आमचं सविस्तर बोलणं झालं. तिसऱ्यांदा श्रीरंग म्हणाला, "दे इकडे, मी बोलतो." तो सबनीसकाकांशी बोलला. पाच मिनिटांत दोघे एकाच इंजिनिअरिंग कॉलेजचे निघाले. फोन ठेवताना हा माणूस म्हणत होता, "हो हो, वरून तूप भरपूर."

"तू पोहण्याचं काही बोललास का?" मी विचारलं.

"विषय निघाला नाही," तो म्हणाला.

रविवार संध्याकाळ. इथे जूनमधला पाऊस, हीटर लावून आम्ही दोघं गुन्हेगारांसारखे बसलो होतो. तिथे सकाळचे दहा वाजून गेले असतील. मी सबनीसांच्या घरी फोन लावला. वाजला, वाजला, कोणी उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. पुरणपोळीच्या दिवशी अख्खं घर रिकामं? माझ्या डोळ्यांपुढे काय काय येऊन गेलं ते मी इथे लिहीत नाही. शेवटी सबनीसकाकांचा मोबाईल लावला.

मागे भयंकर खळखळाट चालला होता.

"वहिनी," काका ओरडून म्हणाले, "आम्ही सगळे समुद्रावर आहोत."

काय झालं होतं, तर डाळ शिजली, गूळ पडला, पुरणाला चटका बसायला लागला. मुग्धा यंत्र धुऊन-पुसून जोडत होती. तेवढ्यात क्लेअर उठली. तिला मराठी येत नव्हतं, त्यामुळे मराठी भीडही पडत नव्हती. खांद्यावर टॉवेल टाकून ती इंग्रजीत म्हणाली, मी पोहायला चालले आहे, कोण कोण येतंय?

मुग्धाने काकूंकडे पाहिलं. काकूंनी हातातला कालथा खाली ठेवला. "मी इथे लग्न होऊन आले तेव्हापासून," त्या म्हणाल्या, "मला हे कोणी विचारलंच नाही."

आणि आता सबनीसकाका गोट्यागोट्यांच्या किनाऱ्यावर इस्त्रीच्या पँटमध्ये उभे होते, हातात चार जणांच्या चपला. काकू सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात. आणि मुग्धा?

"ती पार आत आहे, वहिनी. उताणी. नुसती तरंगतेय. थांबा, बोलावतो."

"नको, नको," श्रीरंग माझ्या कानाशी म्हणाला. "तरंगू दे."

पण काकांनी हाक मारली होती. पाणी निथळत मुग्धा फोनपाशी आली. तिला धाप लागली होती, आणि ती हसत होती. लहानपणी हसायची तशी. "आई, इट्स वॉर्म," ती म्हणाली. "आई, खरंच कोमट आहे."

श्रीरंगने मला खुणेने सांगितलं, की काहीतरी चांगलं बोल. मीही बोलणार होते. अगदी शपथेवर सांगते. मला भरून आलं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांवर माझं वाक्य आलं:

"मुगू, निघताना पुरणाखालचा गॅस बंद केलाय ना कोणी?"

मुग्धाने तो प्रश्न काकूंना विचारला. काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी काकूंकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही केलात ना?"

"मी? मी चपला घालत होतो."

त्यानंतर मला फक्त गोट्यांवरून लांब लांब जाणारे पायांचे आवाज ऐकू आले. पुढे कळलं, की गॅस बंदच होता. काकूंनी कालथा ठेवतानाच केला होता. पण तेवढं पाहायला घर गाठायचं, मग आलोच आहोत तर पुरण गार व्हायच्या आत वाटून घ्यायचं, यात त्यांची सकाळ गेली. इकडे गाडीची वेळ होईपर्यंत अख्खा भूमध्य समुद्र दोन मुलींच्या मालकीचा होता. कोणी जेवायला हाक मारली नाही. कोणी पिशवी दिली नाही.

मुग्धा म्हणते, त्या सहलीत आईने मला केलेली ती एकमेव मदत. मी म्हणते, ती मी मुद्दाम केली. श्रीरंग म्हणतो, मुद्दाम कसली, फोन ठेवल्यावर सगळ्यात आधी उठून तू आपलाच गॅस पाहून आलीस. चालू होता.