जिनिंगच्या गेटावरची फक्की

आमच्या घरात माणसं चार आणि चपलेचा जोड एक, असे दिवस मी पाहिलेत. चप्पल टायरची होती. परतूरच्या आठवडी बाजारात एका मोच्यानं ट्रकच्या टायरातून कापून दिलेली. आबा, म्हणजे माझे वडील, जिनिंग फॅक्टरीत रातपाळी करायचे. सकाळी डोक्याला, भुवयांना कापूस चिकटलेला घेऊन घरी यायचे, दारात चप्पल काढायचे आणि मी तिच्यात पाय घालून शाळेला निघायचो. चप्पल पायात राहावी म्हणून बोटं आवळून चालायचो. आजही मी तसाच चालतो असं बायको म्हणते.

ती चप्पल झिजायचं नावच घेत नव्हती. पट्टे चार वेळा बदलले, तळ तोच. तळावर टायरची नागमोडी नक्षी होती आणि डाव्या टाचेखाली ठिगळाचे तीन खिळे. धुळीत उमटलेलं ते पाऊल मला कुठंही ओळखू आलं असतं. आबा घरी पोचले की अजून मालधक्क्यावर आहेत, हे मी गल्लीतल्या धुळीवरून सांगायचो.

जिनिंगचं काम हंगामी. दिवाळीनंतर सरकी काढायची यंत्रं सुरू व्हायची, उन्हं तापली की बंद. मग आबा रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचलायचे आणि माय लोकांच्या रानात खुरपायला जायची. दर दिवाळीला आबा नव्यानं नोकरीला लागायचे. वीसेक वर्षं तिथंच काम केलं, पण कागदावर ते कायम नवेच.

याच कमाईत त्यांनी मला बी.ए. केलं. सेकंड क्लास, इतिहास विषय. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे सांगताना मला आजही लाज वाटत नाही, उलट छाती फुगते. कॉलेजात कबड्डीच्या संघात होतो. ग्राउंडवर चुन्याची फक्की मारायचं काम माझ्याकडं असायचं, कारण माझी रेघ सरळ यायची. ही कला पुढं कुठं कामाला येईल हे तेव्हा माहीत नव्हतं.

पोलिसात शिपाई म्हणून लागलो, नेमणूक जालन्याच्या मुख्यालयात. तिथं माझं नाव पडलं ‘बीए’. जमादार म्हणायचे, “बीए, जरा चहा सांग.” मी सांगायचो. डिग्री असली तरी चहा सांगता येतो.

दुसऱ्या वर्षी हुकूम आला. परतूरच्या एका जिनिंगमध्ये संप झालाय, बंदोबस्ताला निघा. गाडीत बसताना मी फॅक्टरीचं नाव ऐकलं. आबांचीच फॅक्टरी. संप कशासाठी हेही मला घरून ठाऊक होतं. जुन्या हंगामी कामगारांना कायम करा, एवढीच मागणी. मालक नको म्हणत नव्हता, हो पण म्हणत नव्हता. एक अट मात्र त्यानं आधीच घातली होती: यादी करू, पण संपात ज्याच्यावर पोलीस केस होईल त्याचं नाव कापलं जाईल.

त्याच वेळी ‘साहेब, माझे वडील त्या संपात आहेत’ असं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एक तर नोकरी अजून पक्की नव्हती. दुसरं, खरं सांगतो, घरचं जेवण मिळेल हा विचार आला.

पहिल्या दिवशी फौजदार साहेबांनी कोर्टाचा हुकूम वाचून दाखवला. संपवाल्यांनी गेटापासून पन्नास मीटरच्या आत यायचं नाही. “रेघ कोण मारणार?” साहेबांनी विचारलं. जमादारांनी माझ्याकडं बोट दाखवलं. “आपला बीए कबड्डीवाला हाय, साहेब.”

मी फीत धरून मोजलं, दोरी ताणली आणि रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फक्की मारली. रेघ बघून संपवाल्यांनी मांडवातून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून तिथं कबड्डीच सुरू झाली. तरणे कामगार दम धरून “कबड्डी कबड्डी” करत रेघेपर्यंत यायचे, अंगठा टेकवल्यासारखा करायचे आणि माघारी पळायचे. जमादार खुर्चीवरून पंचासारखे ओरडायचे, “आउट. जा, बाहेर बस.” मांडव हसायचा. मॅनेजर तेवढा गेटातून बघून दात खायचा.

आबा मांडवाच्या पुढच्या रांगेत बसायचे. आमचं पहिल्याच दिवशी न बोलता ठरलं होतं. मी त्यांना ओळखत नव्हतो, ते मला ओळखत नव्हते. एकदा रेघेजवळ उभं राहून मी हाळी दिली, “काका, मागं सरका.” ते हात जोडून म्हणाले, “सरकतो, साहेब. लई कडक साहेब आलेत बाबा यावेळी.” शेजारचे खुदकन हसले. ते सगळे आमच्याच गल्लीतले, मला लहानपणापासून ओळखणारे, पण एकानंही तोंड उघडलं नाही.

घोटाळा केला तो मायनं. ती आबांसाठी भाकरी घेऊन मांडवात आली आणि तशीच रेघ ओलांडून सरळ माझ्याकडं आली. हातात दुसरा डबा. जमादारांनी विचारलं, “कोण तुम्ही, बाई?”

मायनं डबा माझ्या हातात दिला. मग म्हणाली, “खानावळवाली. या शिपायानं डबा लावलाय.”

“बरं झालं,” जमादार म्हणाले. “हाटेलातलं खाऊन पोट बिघडलंय. मला बी एक डबा लावा उद्यापासून.”

तिसऱ्या दिवशी फौजदार साहेबांनीही डबा लावला. पाचव्या दिवशी बंदोबस्तातले सगळेच. माय पहाटेपासून चुलीपुढं. बहीण भाकरी थापायची, माय भाजी फोडणीला टाकायची, आणि एकाच पातेल्यातली भाजी निम्मी संपवाल्यांना, निम्मी पोलिसांना. मी हळूच म्हणालो, “माय, बंद कर हे.” ती म्हणाली, “का बंद करू? मालधक्क्यापेक्षा बरं चालून राह्यलंय.”

आठवड्याभरानं जेवताना जमादारांनी माझ्या डब्यात डोकावून बघितलं, मग स्वतःच्या. म्हणाले, “बीए, तुझ्या भाकरीवर लोणी.”

“असेल चुकून.”

“रोज चुकतंय. आम्हाला दोन भाकरी, तुला तीन. खानावळवाली असा फरक करत न्हाई.” ते शांतपणे घास चावत राहिले. “आन् त्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या फडक्यात बी तीनच असतेत. मी बघितलंय.”

मी मान खाली घातली. ते पुढं एवढंच म्हणाले, “उद्यापासून लोणी मला बी पाठवायला सांग.” विषय तिथं संपला. निदान मला तसं वाटलं.

मग तो सोमवार उजाडला. मॅनेजरनं बाहेरची माणसं लावून तयार गाठी ट्रकात भरल्या होत्या. दाबलेल्या कापसाची गाठ म्हणजे एकट्या माणसाला हलत नाही असं धूड. सकाळी मी ताजी फक्की मारली आणि रस्त्याच्या टोकाला बैलगाड्या अडवायला गेलो. जमादार टपरीवर चहाला. ट्रक गेटातून निघाला आणि मागून एकदम आरडाओरड ऐकू आली. मी पळत आलो तेव्हा धूळ खाली बसत होती. ट्रकवरची एक गाठ गेटापाशी खाली पडलेली, आणि फॅक्टरीच्या म्हाताऱ्या चौकीदाराला गाठी भरणारे दोघं जण टेम्पोत घालत होते. त्याचा पाय गाठीखाली सापडला होता. टेम्पो दवाखान्याकडं गेला. ड्रायव्हर ट्रकला टेकून उभा. संपवाले मांडवात आपापल्या जागी, आबाही तिथंच, फक्त त्यांचा श्वास वर चढलेला.

मॅनेजर बाहेर आला. “संपवाल्यांनी दोरी कापली,” तो म्हणाला. “आत घुसले, गाठ पाडली, माझा माणूस जायबंदी केला. ती रेघ बघा. पावलं बघा. फौजदाराला बोलवा, आत्ता केस पाहिजे.”

मी रेघ बघितली. पांढऱ्याशुभ्र फक्कीवर एकच पाऊल. जाताना एकदा, येताना एकदा. नागमोडी नक्षी, डाव्या टाचेखाली तीन खिळे.

माझा बूट त्या खुणेपासून वीतभर लांब होता. एकदा फिरवला असता की झालं. वीस वर्षांचं काम, यादीतलं नाव, सगळं त्या पाऊलभर चुन्यात पडलं होतं. मी पाय थोडा उचललाही. खोटं का सांगू.

जमादार चहा टाकून आले होते. त्यांनी खूण बघितली, माझा बूट बघितला आणि तोंड रेल्वेच्या सिग्नलकडं वळवलं. “ऊन लई लागलंय आज,” ते म्हणाले. “मला तर काहीच दिसेना झालंय.”

तेवढ्यात मांडवातून आबांचा आवाज आला. “साहेब, पाय बाजूला घ्या. ती खूण माझीय.”

 ते उठून उभे राहिले. “गेल्तो मी आत. गेल्तो म्हणूनच लिहा. पुसलं तर मंग त्याचं खरं होईल,” असं म्हणून त्यांनी मॅनेजरकडं हनुवटी केली.

मी पाय मागं घेतला. इतिहासात सेकंड क्लास मिळवणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं, पण चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला सुचलं.

फौजदार साहेब जीपमधून उतरले. मॅनेजर बोलायच्या आत मी सलाम ठोकून म्हणालो, “साहेब, ही चप्पल माझ्या वडिलांची आहे. तिकडं बसलेत ते. मी आधी सांगायला पाहिजे होतं.”

साहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं. “आणि खानावळवाली?”

“माय आहे, साहेब.”

“ते मला तिसऱ्या दिवशीच कळलंय,” ते म्हणाले. “तू त्या लिंबाखाली उभा राहा. बापाच्या पंचनाम्यात पोराचा हात नको.”

मी लिंबाखाली उभा राहिलो आणि लांबून बघत राहिलो. साहेबांनी बाजारातले दोन पंच बोलावले. पाऊल सरळ गाठीपर्यंत गेलेलं आणि तसंच सरळ माघारी आलेलं, दुसरं एकही पाऊल रेघेवर नाही, हे मोजून लिहून घेतलं. ट्रकवरची दोरी हातात घेतली. ती कापलेली नव्हती. जुनी, कुजकी दोरी, टोकाला धागे सुटलेले. ड्रायव्हरच्या नाकापुढं धरून साहेब म्हणाले, “याला कोयता लागलाय का रे?” ड्रायव्हर मॅनेजरकडं बघून मग जमिनीकडं बघत म्हणाला, “न्हाई साहेब. आपोआप तुटली. गाठ उचलायला त्या काकांनी हात लावला माझ्यासंगं.”

दुपारी साहेब दवाखान्यात जाऊन चौकीदाराचा जबाब घेऊन आले. जमादार बरोबर गेले होते. परत आल्यावर त्यांनी तो मला तोंडपाठ ऐकवला. चौकीदार म्हणाला होता, “मी पगार त्यांचा खातो साहेब, पण पाय माझाय. मी वरडलो तवा आपीसातून कुणी बाहेर आलं न्हाई. तो म्हातारा रेघ सोडून पळत आला. त्याच्यावर केस केली तर मी कोर्टात हेच सांगणार, बिलकुल हेच.”

केस झाली नाही. मॅनेजरनं दोन दिवस पोलीस ठाण्यात फेऱ्या मारल्या, मग थांबवल्या. माझी मात्र दुसऱ्याच दिवशी जालन्याला रवानगी झाली. नातं लपवल्याबद्दल लेखी समज मिळाली. ती मी अजून जपून ठेवली आहे, डिग्रीच्या फायलीतच. जीपमध्ये बसताना जमादार खिडकीपाशी आले. “बीए, तू जा खुशाल,” ते म्हणाले. “डबा चालू राहू दे म्हणावं.”

मी गेल्यावर फक्की मारायला कुणी सरळ हाताचा मिळाला नाही. माय सांगायची, रेघ अशी वाकडी की तरणी पोरं न पळताच आउट व्हायला लागली. संप आणखी तीन आठवडे चालला. कामगार अधिकाऱ्यांपुढं बैठक झाली तेव्हा मालकानं यादी वाचली. आबांच्या नावावर तो अडखळला, म्हणे हा रेघ ओलांडणारा. संपाच्या पुढाऱ्यानं चौकीदाराच्या जबाबाची नक्कल पुढं सरकवली. मालकानं ती वाचली, चष्मा पुसला आणि पुढचं नाव घेतलं.

मी सुटी काढून घरी गेलो तेव्हा दारात टायरची चप्पल होती आणि शेजारी नवी कोरी दुसरी. मी विचारलं, “जुनी फेकायची का, आबा?”

“फेकायची कशाला,” ते म्हणाले. “पंचनाम्यात आलेली चप्पल हाय ती.”

माय मधेच चुलीपुढून बोलली, “बोलत बसू नका, पोलीस ठाण्याचे डबे जायचेत.”

त्या दिवाळीला आबा नव्यानं नोकरीला लागले नाहीत. ते कायम झाले होते. निवृत्त होईपर्यंत ते त्याच जिनिंगमध्ये बारा महिने कामावर होते, आणि त्यांच्यावर एकही केस नव्हती.