भाऊ शितपांचा आतला कंप्युटर

सदाकाकांनी काहीही उघडलं की बंद करताना एक स्क्रू उरतोच. मिक्सर असो, टीव्ही असो, लॅपटॉप असो! वस्तू चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं आणि टेबलावर एक स्क्रू राहतो. तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जातो. आता दुसरी बरणी भरत आलीय. आमच्या दुकानात किस्स्यांचंही तसंच आहे, मशीन घरी जातं आणि किस्सा मागे उरतो. त्यात ते आर्म चिपवाले नवे लॅपटॉप रत्नागिरीत यायला लागल्यापासून तर विचारूच नका.

आमचं दुकान म्हणजे एसटी स्टँडच्या मागचा गाळा. मूळचा सदाकाकांचा, टीव्ही दुरुस्तीचा. मी वर्षा, कंप्युटर बघते. अर्धं टेबल त्यांचं, अर्धं माझं, आणि मधल्या वीतभर जागेवरून रोज भांडण.

*

पहिला आर्मवाला लॅपटॉप आला तेव्हा मी जेवायला गेले होते. परत येऊन बघते तर सदाकाकांनी तो पालथा घालून उघडलेला, आणि बॅटरीचा उजेड पाडून आत डोकावतायत.

"काका, काय शोधताय?"

"पंखा."

"त्याला पंखा नसतो. ही चिप मोबाईलमध्ये असते त्या घराण्यातली. तापतच नाही फारशी."

काका खुर्चीत बसले. आमचा निम्मा धंदा पंख्यांवर. खारी हवा, कोळ्याची जाळी, मुंग्या, सगळं पंख्यात जमतं, आणि ते साफ करून आम्ही पोट भरतो.

"पंखा नाही," काका म्हणाले, "मग माणसाने दुरुस्त काय करायचं? बोल ना!"

तो बिघडलेलाच नव्हता हो! गिऱ्हाईक फक्त कव्हर घ्यायला आलं होतं.

*

आता भाऊ शितप. हे मूळचे देवरूखकडचे, इथे लग्नपत्रिका छापतात. पंचक्रोशीत ज्याचं लग्न झालंय त्याच्या पत्रिकेची अक्षरं भाऊंनी जुळवलेली. त्यांचं सॉफ्टवेअर पुराणकाळातलं, पण अक्षर असं सुरेख की नव्या फॉन्टांनी लाजावं. ते चालतं एका पेनड्राइव्हएवढ्या किल्लीवर. किल्ली कंप्युटरला लावली नाही तर ते उघडतच नाही. भाऊ ती किल्ली कुंकवाच्या डबीत ठेवतात.

मे महिन्यात त्यांच्या कंप्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये पाल शिरली. पाल गेली आणि कंप्युटरही गेला. त्यांची मुंबईला असणारी मुलगी सुप्रिया, तिने लगेच नवा लॅपटॉप पाठवला. आर्मवाला! आणि फोनवर सांगितलं, "बाबा, माझ्या लग्नाची पत्रिका आठ दिवसांत झाली तर कागदाची. नाहीतर मी मोबाईलवरची पाठवून मोकळी होते."

भाऊ डबी घेऊन माझ्यासमोर उभे. डोळ्यांत पाणी.

"वर्षा, अख्ख्या तालुक्याची लग्नं मी छापली गो. नि माझ्या पोरीचं मोबायलावर?"

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, करते काहीतरी. इथेच चुकले!

*

जुनं सॉफ्टवेअर जुन्या जातीच्या चिपसाठी लिहिलेलं. ते नव्यावर थेट चालत नाही. त्यावर उपाय म्हणजे लॅपटॉपच्या आत एक खोटा कंप्युटर उभा करायचा, व्हर्च्युअल मशीन, आणि त्यात वेगळं विंडोज बसवायचं. बाहेरचा होस्ट, आतला गेस्ट. आधी मी आत आर्मसाठीचंच विंडोज बसवलं. पळायला लागलं झकास! भाऊंचं सॉफ्टवेअरही उघडलं, आणि म्हणालं, किल्ली सापडत नाही.

"अगो, लावलेली तर हाय!" भाऊंनी किल्ली काढली, शर्टाला पुसली, फुंकर घातली, परत लावली. नाही. मग डबीतलं कुंकू लावलं. नाही.

किल्लीचा दोष नव्हता. किल्ली ओळखणारा प्रोग्रॅम जुन्या चिपचा, तो इथे बसेचना. शेवटी मी दुसरा रस्ता धरला. आत नुसतं विंडोज नाही, तर जुन्या चिपचीही हुबेहूब नक्कल करायची आणि त्यावर अगदी जुनं विंडोज चढवायचं. किल्ली लागली! फक्त एक झालं. सगळं हळू. म्हणजे इतकं हळू, की बटण दाबायचं आणि अक्षर यायची वाट बघत बसायचं.

मला घाम फुटला. भाऊ मात्र शांत. त्यांनी 'श्री गणेश' टाईप केलं, चहा सांगितला, चहा आला, निम्मा प्यायले, तेव्हा पडद्यावर 'श्री' उमटलं.

"आले बाप्पा!" भाऊंनी हात जोडले.

"भाऊ, हे फारच हळू चालतंय हो."

"पूर्वी अक्षराचा एकेक खिळा चिमटीत धरून जुळवायचो गो. ह्या तर विमान हाय. घाई नवरा-नवरीला असते, पत्रिकेला नसते."

मी सहज विचारलं, "जावई कसे आहेत?"

"मंडणगडचे. निखिल नाव. कंप्युटरातलेच." भाऊ कपाकडे बघत राहिले. "दोनदा घरी आला. दोनी वेळा चहा निम्मा ठेवला."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊंचा फोन. "वर्षा, मी कंप्युटर बंद केला तर मागे दुसराच चालू हाय! आता ह्याला बंद केला तर आणि मागे कोण हाय काय?"

चौथ्या दिवशी ते स्वतःच आले. हातात भली मोठी सुरमई, तोंड पडलेलं.

झालं काय, की भाऊ काम झाल्यावर आतला कंप्युटर बंद न करता नुसता झाकण पाडून झोपवायचे. आतलं घड्याळ तिथल्या तिथे थांबायचं. आठ दिवसांची मुदत, माणूस रात्रंदिवस त्या पडद्याला चिकटलेला. कोपऱ्यात बघितलं, बुधवार. गेले जेटीवर, घासाघीस करून सुरमई घेतली, घरी पोचले.

"काकू काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार! उंबऱ्यातच उभा केला मना. म्हणते, आज गुरुवार हाय, ह्या मेलं घरात आणायचं नाय!"

सुरमई सदाकाकांनी नेली. त्यांचा वार सोमवार.

*

मग एकदा भाऊंनी काहीतरी दाबलं आणि केलेलं सगळं गेलं. मी त्यांना स्नॅपशॉट शिकवला. "भाऊ, हा ह्या क्षणाचा फोटो समजा. पुढे काही बिघडलं तर फोटोवर परत यायचं. मधलं काही घडलंच नाही."

"घडलंच नाय?"

"नाही."

"कोणालाच आठवत नाय?"

"आतल्या कंप्युटरला तरी नाही."

भाऊंनी ते बटण कुठलं हे दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक ओळ लिहायच्या आधी फोटो काढायला लागले. आणि नावं तरी कसली! 'गणपतीच्या आधी', 'कुलदेवतेच्या आधी', 'मामांच्या आधी'.

खरी मजा 'आपले विनीत' ला आली. भाऊंना तीन मोठे भाऊ. थोरल्यांना आपलं नाव वर हवं, थोरले म्हणून. मधल्यांना वर हवं, गावचं घर तेच सांभाळतात म्हणून. तिसऱ्यांना वर हवं, ते मुंबईला असतात म्हणून! भाऊंनी वाद घातला नाही. एकाच फोटोवरून परत परत सुरुवात करून तीन पत्रिका केल्या. 'थोरल्यांच्या मते', 'मधल्यांच्या मते', 'मुंबईच्या मते'. ज्याला त्याला त्याची पत्रिका.

मी कपाळाला हात लावला. "भाऊ, तिघांनी लग्नात शेजारी शेजारी ठेवून बघितल्या तर?"

"लग्नात पत्रिका कोण आणतो गो?"

*

सातव्या दिवशी संध्याकाळी पत्रिका छापून आल्या! भाऊंनी पहिली प्रत छातीशी धरली आणि सरळ रडले. सदाकाका नाक पुसत होते, वर म्हणतात सोल्डरिंगचा धूर गेला. सोल्डरिंग गन बंद होती!

पहिली पत्रिका ग्रामदेवतेला. आम्हा दोघांनाही गावी नेलं. देवळात गावकरांनी, म्हणजे देवाच्या मानकऱ्याने, नारळ ठेवून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराच्या घरात शुभकार्य योजलंय, पयली पत्रिका तुझ्या पायाशी ठेवलीय, ती मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

तेवढ्यात भाऊ पुढे सरकून गावकरांच्या कानात काहीतरी बोलले. गावकर गोंधळले, पण हाती घेतलेलं काम सोडणारा माणूस नव्हे तो.

"आणि म्हाराजा, ह्याचा जो भायेरचा कंप्युटर हाय, नि त्याच्या पोटात जो आतला कंप्युटर हाय, त्या दोघांचं एकमेकांशी पटूंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल? मी!

*

लग्न छान झालं. महिन्याभराने जावईबापू लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आले. भाऊंच्या लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून दोघे लॅपटॉप घेऊन दुकानात आले. निखिल मुलगा खरंच चांगला. नम्र, हसरा. मी चहा मागवला.

"वर्षाताई, मी बघतो ना," म्हणत त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "बाबा, जागा ह्या जुन्या स्नॅपशॉटनी खाल्लीय. पत्रिका छापून झाली, आता हे कशाला हवेत? उडवू?"

"उडवा, उडवा," भाऊ म्हणाले.

निखिल एकेक वाचून उडवायला लागला. 'गणपतीच्या आधी.' उडवला. 'मामांच्या आधी.' उडवला. 'थोरल्यांच्या मते' वाचून खो खो हसला, तिन्ही उडवले. आणि मग त्याचा हात थांबला. यादीत शेवटचा एक उरला होता. मी वाकून बघितलं.

'जावयाच्या नावाआधी.'

सदाकाकांनी गपकन बरणी उचलली आणि स्क्रू मोजायला लागले. निखिल कानापर्यंत लाल झाला, पण हसून म्हणाला, "बाबा, हाही उडवायचा ना?"

भाऊंनी पडद्याकडे बघितलंच नाही. टेबलावर निखिलचा चहा होता. निम्मा.

"बाकी सगळा उडवलात ना, जावईबापू?" भाऊ म्हणाले. "मग तेवढा एक ऱ्हाऊंदे."