तिसरी ओळ

मी घरातला पहिला पदवीधर, पण कामाला लागलो तो आमच्या कंपनीचा सर्व्हर सांभाळणाऱ्या सिस्टिमवाल्या सरांमुळे. पुठ्ठ्याचा वास आला की राहनाळ गावातल्या आमच्या कंपनीच्या गोदामातली ती दुपार आठवते. "नोकरी सोडणाऱ्याची एसएसएच किल्ली, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरायची परवानगी, त्याच दिवशी काढायची. तिसरी ओळ उडव," सर म्हणाले. मी किल्ल्यांच्या यादीची फाइल उघडली. त्या किल्लीच्या शेवटी सरांचंच नाव होतं. मी कीबोर्डवरून हात काढला. "येड्या, बघतोस काय? मला कमी केलंय. उद्यापासून तू एकटा. मार एंटर!" मी मारला. त्यांनी स्वतः लॉगिन करून पाहिलं. सर्व्हरने नकार दिला. "शाब्बास!" म्हणत डबा उचलून ते निघाले. आठवड्याने मी त्यांना पत्र लिहिलं, "सर, सर्व्हर नीट चालू आहे. कुठे अडलो तर घरी येऊ का?"