ओटीतला नारळ

सात वर्षं मी दर दिवाळीला कळंबला माहेरी जायची आणि परत निघताना आई माझी ओटी भरायची. भरताना डोळे मिटून ती एकच मागणं मागायची. आठव्या वर्षी देवानं ते ऐकलं. मी माहेरीच बाळंत झाले, पाच महिने डिंकाचे लाडू खाऊन गरगरीत झाले आणि लेकीला घेऊन धाराशिवला सासरी निघायचा दिवस उजाडला. त्या सकाळी नवरा गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर लेकीसाठी आणलेली खुर्ची होती. भांडणाला तिथूनच तोंड फुटलं.

भांडणात मी कुणाला हार जात नाही. त्या खुर्चीसाठी महिनाभर फोनवरून नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं. ती कशी बसवायची हे मोबाइलवर वाचून वाचून मला तोंडपाठ झालं होतं. खुर्ची मागच्या सीटवर हवी, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं, पट्टे घट्ट हवेत. नवऱ्याला मात्र असलं काही वाचणं कमीपणाचं वाटतं. त्यानं बसवलेली खुर्ची मी हलवून बघितली, तर ती पाळण्यासारखी झुलली.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ओट्यावर बसून हे बघत होते. पोत्यांनी भरलेले ट्रक आवळून अडत दुकानातून रवाना करण्यात त्यांचा जन्म गेला. ते उठले.

"जावईबापू, सरका जरा."

त्यांनी खुर्चीत गुडघा रोवला, सगळा भार टाकला, गाडीचा पट्टा खेचून आवळला. मग खुर्चीला जोरात हिसका दिला. ती बोटभरही सरकली नाही. नवरा कान खाजवत बाजूला उभा होता. मला मनातून फार बरं वाटलं.

तेवढ्यात आई लेकीला कुंचीत गुंडाळून बाहेर आली आणि दारातच थांबली.

"हे काय? लेकरू मांडीवर न्हाय बसवायचं?"

"न्हाय. ब्रेक लागला तर हातात राहत नाही ते, आई."

"मला शिकवतीस व्हय? तुमाला दोघा भावंडांला म्या मांडीवरच आणलं-नेलं." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "सात वर्सं रिकाम्या मांडीनं लावून दिलं तुला. आज भरल्या मांडीनं जाशील म्हणून बघाया उभी ऱ्हायले, तर तू रिकामीच निघालीस."

आईचे डोळे भरून आले होते आणि माझेही. एक क्षण वाटलं, घ्यावी लेक मांडीवर, साठ किलोमीटर तर जायचंय. पण मी हटले नाही. सात वर्षांनी मिळालेली लेक होती, म्हणूनच हटले नाही.

"तू ओटी भर माझी," मी म्हणाले. "मांडी रिकामी जाणार नाही. ती मात्र तिथंच बसंल."

आईनं नाक पुसलं आणि घरातला सगळ्यात मोठा नारळ काढला. खण, गहू आणि तो नारळ माझ्या पदरात घातला. "दोन्ही हातानं धर. घरी जाईस्तवर सोडू नगं." लेकीची जाड कुंची मी उतरवली, पट्टे तिच्या अंगाला नीट बसवले, वरून दुपटं पांघरलं. आईनं लेकीच्या गालाला तीट लावली. जाता जाता एक खुर्चीलाही लावली.

मी लेकीशेजारी बसले, माझा पट्टा लावला आणि नारळ धरला. येडशीच्या अलीकडे झाडावरून एका दांडग्या वानरानं थेट रस्त्यात उडी टाकली. नवऱ्यानं कचकन ब्रेक मारला. वानर वाचलं. गहू गाडीभर उधळले. नारळ माझ्या हातांतून सुटून पुढच्या दोन सीटांमधून गेला आणि समोर धाडकन आदळला. मी शेजारी बघितलं. खुर्ची जागच्या जागी होती. लेकीनं एकदा डोळे मोठे केले आणि माझ्या केसांतले गहू बघून बोळकं पसरून हसली.

गाडी कडेला घेतली. मी पहिला फोन आईला लावला. सगळं सांगितलं.

"नारळ फुटला का?" तिनं विचारलं.

"नारळाला काही झालं नाही. गाडीच्या डॅशबोर्डला तडा गेला."

"एका हातानं धरला असशील."

"दोन्ही हातांनी धरला होता, आई."

मग ती हळूच म्हणाली, "अन् लेकरू?"

"हसतंय."

"अवं, ऐकलं का," ती तिकडे अण्णांना मोठ्यानं सांगू लागली. रडत होती की हसत होती, कळेना. "तुमी आवळलेलं तसूभर हाललं न्हाय!" मग मला म्हणाली, "पुढल्या खेपंला नारळ डिक्कीत ठेव. अन् खुर्ची आणल्याबिगर माझ्या दारात येऊ नगं."

तो डॅशबोर्ड नवरा कधीचा बदलायचा म्हणतोय. मी बदलू देत नाही.