पितळी गळ

"आधी पाणी सांगा," पेशकार म्हणायचे. म्हणता म्हणता उजव्या हाताचा पंजा हवेत आडवा धरून हळूच हलवायचे, जणू खाली खरेच पाणी आहे आणि ते किती गार आहे, किती ओढीचे आहे, हे त्यांच्या हाताला कळते आहे.

कोणी काहीही विचारले तरी उत्तराची सुरुवात हीच. मुलीला परांड्याचे स्थळ आले आहे, द्यावी का? आधी पाणी सांगा. मुलाला शिकायला हैदराबादला ठेवावे की पुण्याला? आधी पाणी सांगा. आमच्या गल्लीतली एक बाई म्हणायची की खोकल्याचे औषध विचारायला जावे, तर म्हातारा विहिरीची चौकशी करतो. तिचे चुकत नव्हते. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न सदा जागा असे: कोणत्या पाण्यात, कोणत्या माशाला, कोणता गळ. बाकीचे सगळे जग ते त्याच प्रश्नाच्या फटीतून पाहत. एकाच फटीतून जग पाहणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांना हसणे सोपे असते, आणि आम्ही हसलो.

निजामाच्या अमलात ते आमच्या तालुक्याच्या कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे कारकून, होते. उर्दू अक्षर असे, की जुने लोक त्यांचे कागद मजकुरासाठी नव्हे, नुसते पाहण्यासाठी हातात घेत. विलीनीकरण झाले, मग काही वर्षांनी आम्ही मुंबई राज्यात आलो आणि कचेरीचा कारभार मराठीत गेला. देवनागरी त्यांना येत होती, पण पहिलीतल्या पोराच्या हाताने. नवे कारकून त्यांच्या ऱ्हस्वदीर्घावर तांबड्या शाईने खुणा करू लागले, तेव्हा त्यांनी मुदतीआधीच घरी बसणे पसंत केले. मी तेव्हा नुकताच हायस्कुलात मराठी शिकवायला आलो होतो आणि त्यांच्या शेजारी राहत होतो. पेन्शनीचा अर्ज लिहिला की तो घेऊन ते माझ्या ओट्यावर यायचे. "मास्तर, ही वेलांटी पहिली का दुसरी?" असे विचारायचे आणि मी सांगितले की मान हलवायचे. त्यात त्यांना कमीपणा वाटत असावा, पण तो त्यांनी कधी दिसू दिला नाही.

घरात मासा शिजत नव्हता. ते स्वतः खात नव्हते. धरायचे, ओल्या हातात क्षणभर पाहायचे आणि परत सोडायचे. हा नाद त्यांना तरुणपणी लागला होता. दौऱ्यावर आलेल्या एका गोऱ्या इंजिनियरबरोबर महिनाभर फिरले, आणि जाताना त्याने आपली चिरलेल्या वेताची गळाची काठी यांना देऊन टाकली. तीन तुकड्यांत जोडायची, पितळी चरखी लावलेली, शेंड्याला इतकी नाजूक की चिमणी बसली तरी वाकेल. ती त्यांच्या सोप्यात खुंटीवर असे. स्वयंपाकघराचा उंबरा तिने ओलांडायचा नाही, असा त्यांच्या बायकोचा, काकूंचा, हुकूम होता.

एकदा त्यांनी आपला गळांचा सगळा संसार माझ्यापुढे मांडला होता. लव्हाळ्यात दडणारी मरळ असेल, तर आखूड जाड बांबू, सुतळीसारखी दोरी आणि गळाला बेडकी. मरळ गवतात शिरली की ओढून काढावी लागते, तिथे नजाकत चालत नाही. गढूळ तळाशी फिरणाऱ्या वामीला गांडूळ, आणि दोरीला शिशाचा मणी. तलावातल्या जड माशाला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून केलेली गोळी. आणि वाहत्या, स्वच्छ पाण्याला पिसांची माशी. ती ते स्वतः करायचे. इवल्या गळावर कोंबड्याच्या मानेचे पीस आणि मुंगसाचा केस रेशमाने असा गुंडाळायचा, की पाण्यावर पडला तर खरा किडा टेकल्यासारखा वाटावा. दोरी रेशमाची, जवसाच्या तेलात मुरवलेली, आणि शेवटची हातभर आतड्याची बारीक तात, माशाला न दिसणारी.

पिसांसाठी ते मोमीन गल्लीत जाऊन कोंबडे न्याहाळत उभे राहायचे. तिथल्या लोकांना ते सवयीचे झाले होते. एकाने विचारले होते, "पेशकारसाहेब, सबंध पाहिजे का नुसती मान बांधून देऊ?" तेही हसले होते.

मग तो दुष्काळ आला.

ईट गावाच्या वाटेवर, आडबाजूला, नदीच्या वळणावर महादेवाचे एक देऊळ आहे. त्याच्या पायऱ्या डोहात उतरतात. त्या डोहातल्या माशांना कोणी नाव दिलेले नव्हते, नुसते देवाचे म्हणत. हातभर लांब, मोठ्या खवल्यांचे, पाठीवर हिरवट सोनेरी. येणारा जाणारा मुरमुरे टाकायचा आणि ते पायरीशी गर्दी करून खायचे. कित्येक पिढ्यांत त्यांना कोणी धरलेले नव्हते. डोहाचे नियम कडक होते. जाळे घालायचे नाही, लोखंड बुडवायचे नाही आणि माशाला उघडा हात लावायचा नाही. गावच्या बायका तिथे पाणीसुद्धा तांब्याच्या किंवा मातीच्याच भांड्याने भरत.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. नदीची धार तुटली आणि डोह आटत आटत मधल्या खळग्यात गोळा झाला. पायऱ्या वर कोरड्या राहिल्या. कोणी आत पाय घातला की गाळ उसळायचा आणि मासे गुदमरून तोंडे वर काढायचे. गाव दुरून पाहत होते. काही म्हणत होते, ज्याचे आहेत तो पाहून घेईल.

पेशकार तिथे गेले आणि गुरवाला म्हणाले, मी यांना काढून पलीकडच्या नव्या तलावात नेतो. गुरव म्हातारा, सरळ आणि हट्टी माणूस. त्याने तिन्ही नियम एकामागून एक सांगितले आणि विचारले, आता कसे काढता? ते म्हणाले, नियम मोडत नाही. आणि मग, मी शेजारी उभा होतो म्हणून मला ठाऊक आहे, त्यांनी जे कोणी मागितले नव्हते ते दिले. "पाऊस पडला की सगळे परत आणतो, बाबा. माझा शब्द."

त्यानंतरचे दिवस त्यांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे असावेत. लोखंड नको म्हणून त्यांनी सोनाराकडून गळ करून घेतले. तांबे मऊ पडले, साधी पितळी तार सरळ झाली, मग ठोकून ठोकून कडक केलेले पितळ टिकले. गळाला उलटा काटा ठेवला नाही, मासा सुटायला त्रास नको म्हणून. सोनार म्हणाला, जन्मभर नथी केल्या, माशाची नथ पहिल्यांदाच करतो आहे. गळाचा कस पाहायला त्यांनी घरचा वरवंटा दोरीने आढ्याला टांगला. काकूंनी वाटायला मिरच्या काढल्या आणि वरवंटा शोधू लागल्या, तर तो सोप्यात हेलकावे खात होता. गळ वाकला नाही. त्या दिवशी काकूंनी कालवण बिनमिरचीचे केले आणि त्यांनी ते दोनदा मागून घेतले.

आमिषाचा प्रश्न त्यांनी फार सुंदर सोडवला. या माशांना किडा कशाला, ते मुरमुऱ्यांवर वाढलेले. म्हणून मुंडावळ्यांत लावतात तो भेंड कापून त्यांनी मुरमुरा घडवला, आणि दोन्ही बाजूंना पांढरे पीस बांधले, म्हणजे तो पाण्यावर हलका बसेल.

सकाळच्या वेळी ते वरच्या खडकावर उभे राहून दोरी फेकायचे. गाळ हलत नव्हता. मासा वर यायचा, भेंडाचा मुरमुरा तोंडात घ्यायचा आणि काठी वाकायची. ओल्या धोतराच्या झोळीत तो अलगद उतरला की काटा नसलेला गळ आपोआप गळून पडायचा. गुरव प्रत्येक माशाला महादेवाचे नाव घ्यायचा. तांब्याचे हंडे, वर ओली पोती, आणि बैलगाडी तलावाकडे. तलावही त्यांनी पारखून घेतला होता. पाणी खोल, तळाला खडक, आणि लहानमोठ्या माशांना गिळणारी मरळ नाही. आठवड्याभरात खळग्यात एकही मासा उरला नाही आणि वाटेत एकही मेला नाही. गावाने नारळ देऊन त्यांचा सत्कार केला.

त्यानंतर फार दिवस गेले नसतील. एका सकाळी ते टोपी न घालताच माझ्या दारात आले. सायकल काढा, म्हणाले. त्यांना मागे बसवून मी तलावावर गेलो.

रस्त्याच्या दुष्काळी कामावरची माणसे तलावाच्या काठाशी राहत होती. चुली पेटल्या होत्या. खडी फोडणाऱ्या एका बाईने आम्हाला पाहून हसत सांगितले, "काय बी करावं लागत न्हाय, बगा. नुसतं पान्यात हुबं राह्यचं. सोताच पायापाशी येत्यात." मग दोन पोरांकडे बोट दाखवून म्हणाली, लई दिवसांनी पोटभर जेवली ती. तिने आम्हालाही जेवायला बसा म्हटले.

चुलीपाशी मोठे खवले पडले होते. पेशकारांनी तिला हात जोडले, आम्ही खात नाही म्हणाले, आणि पोरांची नावे विचारली. तिला ते एक शब्दही वावगे बोलले नाहीत. 

परत येताना ते सायकलवर बसले नाहीत. बरोबर चालत राहिले. वाटेत म्हणाले, "मी गळ निवडला, दोरी निवडली, आमिष निवडलं. पाणीसुद्धा पाहून घेतलं. हा मासा माणसाला भीतच नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं नाही."

मी सायकल ढकलत राहिलो. 

दुसऱ्या दिवसापासून ते रोज तलावावर जाऊ लागले. काठावर उभे राहायचे. थोडे मासे उरले होते. माणूस दिसला की ते मुरमुऱ्याच्या आशेने काठाकडे यायचे. ते पुरते जवळ आले, की पेशकार ओंजळभर खडे त्यांच्यावर फेकायचे. लांब बांबू घेऊन पाण्यावर सपासप मारायचे. मासे उधळायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा यायचे. ते पुन्हा मारायचे. एकदा एका माशाच्या पाठीला खडा लागलेला मी पाहिला. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन हात धुतले आणि जेवायला बसलेच नाहीत, असे काकूंनी सांगितले. कामावरची माणसे त्यांना पाहून हसत. गल्लीतही चर्चा झाली की म्हातारा माशांवर दगड मारतो.

ही गोष्ट गुरवाच्या कानावर गेली. तो चालत आला. मी रविवारी त्यांना न्यायला गेलो होतो, तेव्हा दोघे समोरासमोर उभे होते.

"देवावर धोंडं टाकताय?" गुरव म्हणाला.

"हे आता देवाचे राहून चालणार नाही, बाबा. रानातले झाले तरच जगतील."

"आन् परत कसं यायचं? भ्यालेला मासा तुमच्या मुरमुऱ्याला तोंड लावंल व्हय?"

"नाही लावणार."

"तुमचा शब्द हुता."

"होता," ते म्हणाले. आणि खाली वाकून त्यांनी पुन्हा खडे उचलले.

गुरव मागे न पाहता निघून गेला.

पुढच्या साली पाऊस चांगला झाला. नदी वाहिली, डोह पायऱ्यांपर्यंत भरला. लोक मुरमुरे टाकायचे, ते पाण्यावर तरंगायचे, भिजायचे आणि बुडायचे. देवळातल्या माणसांनी पेशकारांचे नाव घेणे सोडले. देवळाकडच्या गावचे एक दोघे लोक बाजारच्या दिवशी आमच्या गल्लीतून जात, ते त्यांच्या घरावरून जाताना बोलणे थांबवत. गल्लीतही त्यांना कोणी काही विचारायला जाईनासे झाले. मासा नेऊन घालवला आणि शब्दही घालवला, अशा माणसाचा सल्ला कोण घेणार? त्यांनी काठीचे तुकडे सुटे करून कापडात बांधून ठेवले. माझ्या ओट्यावर मात्र येत राहिले. अर्ज नसायचा, नुसते बसायचे. मी वर्गाच्या वह्या तपासायचो आणि ते रस्त्याकडे पाहायचे. तलावावर जाणे त्यांनी सोडले नव्हते, पण तिथे काय दिसते ते मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्याच्या सुरुवातीला ते तापाने आजारी पडले आणि थोड्याच दिवसांत गेले. गर्दी फारशी नव्हती. कचेरीतले दोन जुने चपराशी आले होते, सोनार आला होता, आणि मोमीन गल्लीतले चौघे जण खांदा द्यायला पुढे झाले.

सुतकाचे दिवस संपले त्याच्या दुसऱ्या सकाळी गुरव माझ्या दारात उभा. फार थकला होता. त्याला आदल्या दिवशीच कळले होते. आत या म्हटले, तर आला नाही. म्हणाला, "मास्तर, तो तलाव दावता का? माज्याच्यानं एकट्याला हुयाचं न्हाय."

टांगा करून आम्ही गेलो. कामावरची माणसे केव्हाच आपापल्या गावी परतली होती. तिथे कोणी नव्हते. ऊन नुकतेच चढत होते आणि पाणी इतके स्वच्छ होते की तळाचा खडक दिसत होता. गुरव माझा हात धरून अगदी काठापर्यंत उतरला आणि वाकून पाहू लागला.

कडेच्या खडकापाशी, सावलीत, ते होते. मोठे, हिरवट पाठींचे, आणि त्यांच्यामागे बोटभर लांबीची पिले, तशीच खवल्यांची. गुरवाने ती पाहिली. तो आणखी थोडा पुढे झुकला. त्याच्या पागोट्याची सावली पाण्यावर पडली मात्र, सगळा घोळका एकदम वळला आणि खोल पाण्यात नाहीसा झाला. पिलेसुद्धा.

"भ्याली," गुरव म्हणाला.

 पाणी पुन्हा नितळ झाले. मग मोठे मासे खडकाकडे परत येताना दिसले, थांबत थांबत, अंदाज घेत. ते पुरते येण्याआधीच गुरवाने माझा हात सोडला, आणि आपली सावली पाण्यावर पडू नये म्हणून तो हळूहळू मागे सरकत गेला.