टपावरचं शेवाळ

स्टुडिओत त्याला सगळे शेवाळराव म्हणत. म्हणजे पाठीमागे म्हणत, तोंडावर ‘काका’. त्याला दोन्ही ठाऊक होतं आणि कशाचंच वाईट वाटत नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर हाक मारणारं कुणी आहे हेच पुष्कळ, कशी मारतात यावर कोण रुसत बसणार?

हा स्टुडिओ म्हणजे उद्याच्या गाड्या आजच बनवून दाखवायचं ठिकाण. दाखवायचं बरं का, विकायचं नव्हे. सध्या तिथे शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी एक गाडी उभी होती. अंग जवसाच्या धाग्याचं, सीटवर अननसाच्या पानांपासून केलेलं कातडं, बॉनेटवर उन्हाची वीज करणाऱ्या काचा. धूर सोडायचा नाहीच, उलट दुसऱ्यांचा धूर टपावरच्या जिवंत शेवाळाने पिऊन टाकायचा, अशी एकूण कल्पना. आणि आत इंजिन, मोटर? नाव काढू नका! बडा घर पोकळ वासा. मंचावर न्यायची म्हटली तर चौघांनी मागून ढकलायची. अशा या गाडीच्या टपावरचं शेवाळ जगवायला त्याला ठेवलं होतं.

त्याआधी त्याचा सगळा जन्म एका नर्सरीत गेला. कुंड्या, कलमं, खत, गिऱ्हाइकांची कटकट, सगळं केलं. पण जीव होता तो मागच्या भिंतीवर. त्या भिंतीला कधी ऊन लागायचं नाही, वरच्या टाकीचं पाणी तिच्यावर झिरपत राहायचं. तिथे शेवाळाची गादी धरली होती. जेवणाच्या सुट्टीत तो तिला पाठ टेकून बसायचा. बायको म्हणायची, “माझ्यापेक्षा त्या भिंतीला जास्त टेकलायत तुम्ही.” त्यात खोटं काही नव्हतं.

मग मालकाच्या मुलाने जागा विकली. तिथे गाड्यांचा पार्किंग लॉट होणार होता. शेवटच्या दिवशी इतरांनी कुंड्या नेल्या, कुणी पाइप, कुणी फावडी. याने पत्र्याच्या पट्टीने भिंतीवरचं शेवाळ सोडवलं, ओल्या पोत्यांत गुंडाळलं आणि घरी आणून न्हाणीघरात पसरलं. तिथे ते मजेत राहिलं. बायको मात्र एका पायावर उभी राहून आंघोळ करायची.

“दाजी, लोक म्हातारपणाला सोनं साठवतात,” मेहुणा म्हणाला, “तुम्ही घसरायची सोय केलीत.”

अशात डिझायनर मॅडमचा फोन आला. वयाने त्याच्या मुलीएवढी, नर्सरीचं जुनं गिऱ्हाईक. तिने त्याला स्टुडिओत बोलावून गाडी दाखवली, वर भगभगणारे दिवे दाखवले आणि विचारलं, “काका, इथे शेवाळ जगेल ना?”

हवा कोरडीठाक. एसी अहोरात्र चालू. दिव्यांखाली हात धरला तर चटका बसत होता. जगणार नाही हे त्याला पहिल्या नजरेत कळलं. पण नोकरी गेल्यापासून घरात बसून त्याला स्वतःचाच कंटाळा आला होता.

“जगेल की,” तो म्हणाला. “न जगायला काय झालं?”

टप मोठा, न्हाणीघरातलं शेवाळ जेमतेम. बायकोने सांगून पाहिलं, “मूठभर तरी घरी ठेवा.” पण कडेला एक पट्टा उघडा राहत होता, आणि मॅडमला उघडं चालणार नव्हतं. त्याने शेवटची मूठही नेऊन लावली. हिरवंगार, लुसलुशीत दिसलं सगळं. फोटो निघाले, व्हिडिओ निघाला. मॅडमने त्यावरून हात फिरवला तेव्हा त्याला भरून आलं.

नंतर कडा पिवळ्या पडू लागल्या. त्याने जेवणाच्या वेळेत ओली चादर घातली, रंगवाला धावत आला, “काका, ओल लागली तर रंगाला फोड येतील!” त्याने दिवे मालवले, सिक्युरिटीवाल्याने लावले. गाडीला जे हवं ते शेवाळाला नको, शेवाळाला हवं ते गाडीला नको, आणि याची नोकरी दोघांना नांदवायची. एका सकाळी बोट लावलं तर चुरा झाला. तो टपाशेजारी स्टुलावर बसला आणि रडला. वासरू गेल्यासारखा रडला. आत कुणी नव्हतं म्हणून बरं.

डोळे पुसले आणि मॅडम आल्यावर तो सरळ तिच्या टेबलापाशी गेला.

“मॅडम, मी खोटं बोललो. हे इथे जगणार नाही, मला पहिल्या दिवशीच माहीत होतं.”

तिने लॅपटॉपवरून मान वर केली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. “अहो काका, आम्हालाही माहीत होतं,” ती म्हणाली आणि टेबलाखालचा खोका पायाने पुढे सरकवला. आत प्लॅस्टिकचं शेवाळ होतं, कापून, टपाच्या मापाचं. “तुम्ही आलात त्याच आठवड्यात मागवलं. व्हिडिओपुरतं खरं हवं होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

तो खोक्याकडे बघत राहिला. तिने सांगितलं असतं तर शेवाळ न्हाणीघरातच राहिलं असतं. त्याने सांगितलं असतं तरी राहिलं असतं. दोघंही मूग गिळून बसले आणि मधल्या मध्ये ते मेलं. तिच्यावर चिडायलाही त्याला तोंड उरलं नव्हतं.

वाळलेला चुरा सफाईवालीने झाडून नेला. त्याला वाटलं आता आपलीही पाळी. पण झालं उलटंच, त्याला कायम केलं. प्रदर्शनात प्लॅस्टिकवर दव दिसायला हवं होतं, आणि फवारा मारायला हात बसलेला माणूस तोच. घरी बायकोने शेजारीपाजारी सांगितलं. मेहुण्याने अभिनंदन केलं, तेही चेष्टा न करता. कुणाला काय सांगायचं? तो जेवला आणि झोपला.

प्लॅस्टिकवर पाणी थांबेना, घरंगळून काचेवर यायचं. रंगवाल्याने सुचवलं, पाण्यात ग्लिसरीन घाला. घातलं. थेंब जागच्या जागी बसले. कुठून मारायचं, किती लांबून, सगळं त्याला जमत गेलं. काम म्हटलं की ते नीट करायची त्याला खोड होती, ती कुठे जाणार?

प्रदर्शनाच्या सकाळी मॅडमने लांब उभं राहून पाहिलं. “काका, पहिल्यापेक्षा हे जास्त खरं दिसतंय.”

तोही दोन पावलं मागे आला. खोटं कशाला बोला, त्यालाही तसंच वाटलं. मग भिंतीवरचं कसं दिसायचं? बाटली हातात धरून त्याने डोळे मिटले आणि आठवून पाहिलं. डोळ्यांपुढे आलं ते प्लॅस्टिकचंच.