टीव्हीतला उजव्या सोंडेचा

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले डोळे आता ठणठणीत, आणि माझ्या सासऱ्यांनी ब्रश खाली ठेवला. हमरापूरच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचे ते त्यांनीच. नवरा साचे बघतो, मी अंगाचा रंग देते; पण आखणी होईपर्यंत मूर्ती म्हणजे नुसती माती. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच मूर्तीची बुबुळं जरा तिरकी आली. झालं! ‘माझी नजर गेली’ म्हणाले आणि घरात जाऊन बसले. सण तोंडावर, बिनडोळ्यांचे गणपती फळ्यांवर ओळीने उभे, पण मला काळजी मूर्तींची नव्हती. तो माणूस असा भिंतीला टेकून बसलेला मला बघवत नव्हता.

त्यांचा जीव रमावा म्हणून मी टीव्हीवर आफ्रिकेतलं एक जंगल लावून दिलं. तिथे पाणवठ्यावर कॅमेरा बसवलाय, दिवसभर चालू असतो. सुरुवातीला नुसता चिखल दिसला. सासूबाई म्हणाल्या, “मंग आपली खाडी काय वायट हाय?” पण हत्ती यायला लागले आणि सगळं घर टीव्हीला चिकटलं. शेजारणीसुद्धा भाजी निवडायला आमच्याकडे येऊ लागल्या.

एका दुपारी आम्ही जेवत होतो. ताटात खाडीतल्या जिताड्याची तळलेली तुकडी. एक सुळा मोडलेला हत्ती आला, पोटभर पाणी प्यायला आणि सोंड उजवीकडे वळवून निवांत उभा राहिला. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

“उजव्या सोंडेचा गो! उचल ती ताटं!”

उजव्या सोंडेचा गणपती फार कडक, त्याच्यापुढे मासळी चालत नाही, हे मूर्तीवाल्यांच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

“आई, त्याला आपलं ताट कुठं दिसतंय?” मी म्हटलं.

“आपल्याला तो दिसतो ना?”

ताटं स्वयंपाकघरात गेली. नवऱ्याला हसता हसता ठसका लागला.

सासरे मात्र जागचे हलले नाहीत. त्यांचं ताट मी उचललं तेही त्यांना कळलं नाही. कॅमेरा चालवणाऱ्याने चित्र जवळ घेतलं होतं, पडदाभर हत्तीचं डोकं.

“पापण्या बघ केवढ्या लांब,” ते म्हणाले. “मधली एक वाकडी हाय.”

मला काळपट सुरकुत्यांपलीकडे काही दिसेना. सासूबाईंनी चष्मा पदराला पुसून बघितलं. “कुठं? मला नाय दिसत.”

“ती काय! टोकाला चिखल पण लागलाय. मला दिसतंय की चांगलं...”

आणि ते बोलायचे थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. उठले, हात धुतले आणि थेट कारखान्यात गेले. मी मागोमाग.

एका मूर्तीसमोर पाट ओढून ते कितीतरी वेळ नुसते बघत बसले. मी उगाच रंग ढवळत राहिले. एक शब्द जास्त झाला तर परत घरात जाऊन बसतील, ही भीती.

मग मान न वळवता ते म्हणाले, “पंखा बंद कर गो.”

आखणीला बसले की त्यांना वारा चालत नाही. मी धावत जाऊन बटण दाबलं. भुवईची पहिली रेघ एका दमात उतरली. त्या उकाड्यात माझ्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि खरं सांगते, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.